पट्टा पडला

पेपर आमच्याकडे एसटीने यायचा, त्यामुळे सकाळचा पहिला चहा बातम्यांवाचून आणि दुसरा बातम्यांसकट व्हायचा. ३० जून १९९७, सोमवार. अंकुशनगरच्या फाट्यावरच्या हॉटेलात पेपर येऊन अर्धा तास झाला तरी कुणी पान उलटायला तयार नव्हतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी, भज्यांची कढई आणि पावसाळ्यात एक गळका कोपरा. माइक टायसनने इव्हँडर होलिफील्डच्या कानाचा लचका तोडला होता. तोही लास व्हेगासला, भरल्या सभागृहात, जगज्जेतेपदाच्या लढतीत. जो येईल तो "कुत्र्यावानी?" असं विचारायचा आणि फोटोत डोकं घालून खात्री करून घ्यायचा.

बाकड्याच्या टोकाला वस्ताद बसलेले. तरुणपणी पंचक्रोशीतल्या जत्रा मारलेला माणूस. अक्षरओळख होती, पण चष्मा नव्हता आणि तो घ्यायचा विचारही नव्हता. माझी शाळा बाराची. मला पुढ्यात बसवून म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. तिसऱ्या फेरीत टायसनने उजव्या कानाचा वरचा तुकडा तोडला आणि थुंकला. पंच मिल्स लेन यांनी दोन गुण कापले आणि खेळ पुन्हा सुरू केला. मग टायसनने डावा कान धरला. तेव्हा कुठे त्याला बाद केलं. मी वाचत होतो आणि वस्तादांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला होता. त्यांचे दोन्ही कान मोडलेले. आल्याचा गड्डा असतो ना, तसे. मध्ये पोकळी म्हणून उरलेली नाही, काडी घालायची म्हटली तरी जागा शोधावी लागावी. तालमीत डोक्याला डोकं घासून कानात रक्त साकळतं, ते तिथेच घट्ट होतं, आणि कान कायमचा बंद कळीसारखा राहतो. आमच्या भागात अनोळखी माणूस आला तर आधी कान बघतात, मग रामराम घालतात.

"आरं, कान मोडायचा असतो," वस्ताद म्हणाले, "खायचा नसतो."

हॉटेल हसलं. वस्ताद हसले नव्हते. अंगठ्याने कानाची कड चाचपत त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "आन् पैसे?"

तीन कोटी डॉलर. भजी तळणाऱ्याने झारा कढईवर आडवा ठेवून तोंडी हिशेब केला, तो शंभर कोटींच्या वर गेला. वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कान खाऊनबी?" मी म्हटलं, "खाऊनबी." दहा दिवसांनी आलं की त्यातले तीस लाख डॉलर दंडात गेले आणि टायसनचा परवानाही काढून घेतला. तोवर हॉटेलातला विषय पेरणीवर गेला होता.

जगज्जेत्याला पट्टा मिळतो हे मी त्याच बातमीत पहिल्यांदा वाचलं, आणि तो शब्द मला चुकीचा वाटला. कुस्तीत गदा असते, खांद्यावर टाकून मिरवता येते. पट्टा ही काय बक्षीस द्यायची गोष्ट? शिवाय अंकुशनगरात पट्टा मिळत नाही, पडतो. गाळप संपलं, गव्हाणीत शेवटची मोळी गेली की म्हणायचं, कारखान्याचा पट्टा पडला. त्या दिवसापासून भोंग्याचा आवाजसुद्धा वेगळा लागतो, रिकाम्या घरात हाक मारल्यासारखा.

हे नगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखाना आणि त्याच्याभोवती जमलेली माणसं. ज्या अंकुशराव टोपे यांनी कारखाना उभा केला त्यांचंच नाव वस्तीला. गाव म्हणून विचाराल तर महाकाळा सांगतील. अंबड तालुका, धुळे-सोलापूर महामार्गालगत. पुढे शहागडला गोदावरी, आणि पूल ओलांडला की बीड जिल्हा. ऊस आला तो पैठणच्या डाव्या कालव्याने. ऊस तोडणारी माणसं मात्र पूल ओलांडून येत. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिंप, पत्रे, कोंबड्या, शेळी आणि म्हातारी घालून टोळ्या उतरायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, पण हिशेबात नग एक. निघण्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. पैसा आधी हातात येतो, लग्नात किंवा दवाखान्यात संपतो, आणि मग पाच-सहा महिने तो अंगातून काढून द्यायचा. पट्टा पडला तेव्हा उचल फिटलेली असली तर बरं, नाहीतर उरलेला आकडा पुढच्या सालावर.

कॉलेजात असताना जो लुईविषयी वाचलं तेव्हा मला आधी दिसला तो मुकादमच. लुईचा जन्म १९१४ चा, अलाबामातला. बाप दुसऱ्याच्या रानात बटईने कापूस पिकवणारा. पोरगा १९३७ साली हेवीवेट जगज्जेता झाला आणि जवळजवळ बारा वर्षं राहिला. २५ वेळा त्याने पट्टा राखला. सगळे जण २२ जून १९३८ ची रात्र सांगतात. न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, समोर हिटलरच्या जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. दोन वर्षांपूर्वी याच श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत आडवा केला होता. या खेपेला सगळं १२४ सेकंदांत संपलं. ती १२४ सेकंदं मीही पाहिली आहेत, पुन्हा पुन्हा. पण मला खरं तर त्याची वही बघायला आवडली असती. माइक जेकब्स नावाचा प्रवर्तक लढती लावायचा, आणि पुढच्या लढतीच्या भरवशावर लुई त्याच्याकडून पैसे उचलायचा. उचलच ती, दुसरा शब्द नाही. १९४२ मध्ये त्याने दोन लढतींची कमाई आरमाराच्या आणि लष्कराच्या मदत निधीला देऊन टाकली. करखात्याचा हिशेब तरीही चालू राहिला. व्याजावर व्याज चढत आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला.

म्हणून निवृत्त झालेला माणूस ३६ व्या वर्षी परत उभा राहिला. ३७ व्या वर्षी, ऑक्टोबर १९५१ मध्ये, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांमधून रिंगणाबाहेर टाकलं. पुढे पोटासाठी त्याने दिखाऊ कुस्त्या केल्या, आणि शेवटी लास व्हेगासच्या एका मोठ्या कॅसिनोच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हात मिळवायची नोकरी. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत श्मेलिंग होता. होय, तोच.

मी हे वस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांना श्मेलिंगचं काही वाटलं नाही. जोड म्हटलं की तेवढं असायचंच, हा त्यांचा भाव. त्यांना लागली ती दिखाऊ कुस्तीची गोष्ट. "नाटकात काम करावं लागलं म्हन की," एवढंच म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

याच्या जवळ मला नेहमी आपल्या खाशाबा जाधवांची गोष्ट ठेवावीशी वाटते. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. तिथेही कर्जच होतं. पण ते लढणाऱ्याच्या नावावर नव्हतं, त्याच्या मास्तरांच्या नावावर होतं. कर्ज कुणाच्या नावावर, एवढ्याने सगळी गोष्ट बदलते. टायसनने आयुष्यात तीस कोटी डॉलरहून जास्त मिळवले असं मानतात, आणि २००३ मध्ये त्याने दिवाळं जाहीर केलं. प्रवर्तक डॉन किंगवर त्याने दहा कोटींचा दावा लावला, तो दीड कोटीच्याही खाली मिटला. शंभर कोटी रुपयांचा तोंडी हिशेब करणाऱ्या भजीवाल्याचं उधारीचं पान तेवढं कधी चुकलं नाही.

अण्णा, माझे वडील, काट्यावर होते. लहानपणी मला वाटायचं जगातली सगळी कामं काट्यानंतर सुरू होतात. रात्रभर उसाच्या गाड्यांची रांग. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ट्रॅक्टरचा धूर, मळीचा तो गोडसर आंबूस वास. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला वास येतोय हेच कळायचं नाही. आधी भरलेली गाडी, मग रिकामी गाडी, बांधणीचं वजन वजा, चिठ्ठी. आकडा थरथरायचा थांबेपर्यंत अण्णा श्वास रोखून धरायचे. निवृत्तीनंतर आता भाजीच्या तराजूपाशीसुद्धा धरतात. आई म्हणते, ह्यांना बाजारात पाठवलं की भाजीवाली घाबरते.

त्यांना मी मुष्टियोद्ध्यांचा काटा समजावून सांगितला होता. लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं. प्रत्येक गटाला मर्यादा ठरलेली, फक्त हेवीवेटला वरची मर्यादा नाही. मग पोरं काय करतात, तर शेवटचे दोन-चार किलो पाण्याचे उतरवतात. पाणी बंद, घोंगड्यात गुंडाळून घाम, थुंकून थुंकून तोंडाला कोरड. काट्यावरून उतरले की पाणी, जेवण, आणि दुसऱ्या दिवशी रिंगणात उतरतो तो कित्येक किलोंनी जड माणूस. अण्णांनी हे नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे यांचं उलटं आहे," ते म्हणाले. "रिकामी गाडी आधी येते."

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाटला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमने अडवलं तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला. नियम चुकला असं ते म्हणाले नाहीत, काट्यावर आयुष्य गेलेला माणूस तसं म्हणणार नाही. पण थोड्या वेळाने ओट्यावरून आवाज आला, "शंभर ग्रॅम तर चाकाला चिखल असतो."

मला स्वतःला लढतीपेक्षा दोन फेऱ्यांमधला एक मिनिट जास्त बघावासा वाटतो. तीन मिनिटं मार, एक मिनिट स्टुलावर. त्या मिनिटात कोपऱ्यातली माणसं धावत आत येतात. कुणी पाणी मारतं, कुणी भुवईवरची जखम दाबून धरतं, कुणी कानात बोलतं. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. मुहंमद अली आणि जो फ्रेझियर तिसऱ्यांदा समोरासमोर. अमेरिकेतल्या टीव्हीला सोयीचं म्हणून लढत भर सकाळी लावलेली. वर तापलेलं छप्पर, आत माणसं खचाखच. वर्षभरापूर्वी किन्शासात अलीने फोरमनला दोरावर रेलून रेलून थकवलं होतं आणि आठव्या फेरीत पाडलं होतं. ती हुशारीची लढत. वस्तादांच्या भाषेत नुसती खडाखडी करून समोरच्याचा दम काढला. मनिलात हुशारी पाच-सहा फेऱ्यांत संपली, मग नुसती माणसं उरली. फ्रेझियरच्या डाव्या डोळ्याला आधीच जवळजवळ दिसत नव्हतं, ते त्याने वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं. चौदाव्या फेरीपर्यंत उजवाही सुजून मिटला. समोरून येणारा ठोसा दिसत नाही अशा अवस्थेत तो पंधराव्याला उठू पाहत होता. तेव्हा त्याचे गुरू एडी फच यांनी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि लढत थांबवली. रिंगणात माणसं मेलेली फच यांनी पाहिली होती. पलीकडे अलीही संपलाच होता. मरणाच्या इतकं जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर सांगायचा. अजून तीन मिनिटं थांबले असते तर, हा वाद लोक पन्नास वर्षं घालत आहेत. घालोत. मला तो खांद्यावरचा हात पुरतो.

सात वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९८२ ला लास व्हेगासला असा हात वेळेवर आला नाही. दक्षिण कोरियाचा डुक कू किम रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच गेला.  त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या बारावर आल्या. एक माणूस, नऊ मिनिटं.

उसाच्या फडात कोपरा नसतो. स्टूल नसतं, मिनिट नसतो. बसला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मुकादमाची वही ताप, बाळंतपण, पाळी असं वेगळं लिहीत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रकार चव्हाट्यावर आला आणि सरकारने समिती नेमली. तेव्हा पेपरवाले धक्का बसल्यासारखं लिहीत होते. आमच्या कॉलनीतल्या बायका त्या बातमीवर काही बोलल्या नाहीत. पहाटे तीनला कोप्यांमध्ये पेटणाऱ्या चुली त्यांनी खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या.

आपल्याकडे व्यावसायिक मुष्टियुद्धाचा पट्टा गाजला तो ५ ऑगस्ट २०१७ ला, वरळीच्या डोममध्ये. बीजिंगला कांस्य मिळवणारा विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला होता, तोवर एकदाही हरला नव्हता. समोर चीनचा जुल्पिकार मैमैतीअली. डोकलामवरून दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या, त्यामुळे लढत लागण्याआधीच वातावरण लढाईचं. अमिताभ बच्चन बघायला आलेले. पाहुण्याने कमरेखाली बरेच ठोसे मारले, विजेंदर कळवळून वाकला, पंचांनी ताकीद देऊन गुणही कापले. दहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी विजेंदरला दिलं, पण अगदी थोडक्यात. दोघांच्या कागदावर ९५-९४. एक गुण. अण्णांचा चिखल. जिंकल्यावर ध्वनिक्षेपक हातात घेऊन तो म्हणाला की हा पट्टा मला नको, मैमैतीअलीला परत देतो, सरहद्दीवर शांतता राहू द्या. टीव्हीसमोर आमच्या घरात एकदम शांतता. मग पुतण्याने विचारलं, "मग मारलं कशाला?"

त्याच्या विजयांची मालिका तुटली तीही आपल्याच शेजारात. मार्च २०२१, पणजी, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजाची गच्ची. रशियाचा आर्तिश लोप्सान, सव्वासहा फुटांच्या वर उंची. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. विजेंदर दरवेळी उठत होता. उठता येतंय एवढ्यावर लढत चालू ठेवायची नसते, हे त्या पंचाला कळत होतं. लुई म्हातारपणी कॅसिनोच्या दारात उभा होता, याची लढत कॅसिनोच्या डोक्यावर. मुष्टियुद्ध काही तिथून फार लांब जात नाही.

मागच्या चैत्रात अंकुशनगरला गेलो तेव्हा नुकताच पट्टा पडला होता. कोप्या उठत होत्या. जिथे चूल होती तिथे काळा गोल, जिथे शेळी बांधलेली तिथे लेंड्या, आणि रस्त्यावर उसाचं पाचट वाऱ्याने इकडून तिकडे. एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वही उघडी ठेवून मुकादम बोट फिरवत होता. समोर उभे असलेले नवरा-बायको वहीकडे बघत नव्हते, त्याच्या बोटाकडे बघत होते.

हॉटेल आता पक्कं झालंय, फ्रीज आहे. वस्ताद मात्र त्याच टोकाला. ऐंशीला आलेत, कान तसेच. चष्मा शेवटी लागलाय. मी त्यांना मोबाइलवर रॉबर्टो डुरान दाखवला. २५ नोव्हेंबर १९८०, न्यू ऑर्लिन्स. पनामाच्या गरीब वस्तीतून आलेला, दगडी मुठींचा म्हणून गाजलेला माणूस. पाच महिन्यांपूर्वीच त्याने शुगर रे लिओनार्डला हरवून पट्टा घेतला होता. मग खाणं, पिणं, मिरवणं. वजन अफाट वाढलं, आणि घाईघाईने ठरवलेल्या दुसऱ्या लढतीसाठी ते तितक्याच घाईने उतरवलं. काट्यावरून उतरल्यावर उपाशी माणूस जेवला तो पोटात गोळा येईपर्यंत, असं नंतर सांगण्यात आलं. लिओनार्ड नाचत होता, हात फिरवून चिडवत होता. आठव्या फेरीत डुरान अचानक वळला, पाठ केली, आणि एक हात हवेत हलवला. बास. तो तोंडाने "नो मास" म्हणाला की नाही यावर अजून भांडण आहे, तो स्वतः नाही म्हणतो. हात मात्र हलवला, तो सगळ्या जगाने पाहिला. ना रक्त, ना पडणं. मायदेशात लोकांनी त्याला भित्रा ठरवलं.

वस्तादांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. अंगठा कानावर.

"मंग? पुढं काय झालं त्याचं?"

"लढत राहिला," मी म्हटलं. "पन्नास वर्षांचा होईस्तोवर."

"मंग बास कुठं म्हणला त्यो?"

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. ट्रॉलीत सामानावर चढून बसलेल्या बाईने पोराला वर ओढून घेतलं आणि पदर डोक्यावर घट्ट केला. शहागडच्या दिशेने धूळ उठली. वस्तादांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला.

"परत लाव," म्हणाले. "सगळं नको. हात हलवतो तेवढंच लाव."